उपासाला गोळ्या चालतात

माझं लिव्हर आता बरं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्याच्या आजारपणाचं वाचताना मला स्वतःला धीर निघत नाही, मी पहिले शेवटचं पान पाहते. रिपोर्ट चांगले आहेत, डोळे पांढरे आहेत, भाकर पचते. जे बिघडलं ते दुसरंच आहे आणि त्याच्यासाठीच हे लिहून राहिले आहे. ज्यांच्या घरी कोणी उपास धरून, ताप अंगावर काढून, वरून गोळ्या गिळत असेल त्यांनी हे वाचावं. माझ्यासारख्या तोंडाळ बाया असतील तर त्यांनी दोनदा वाचावं.

मी पांढुर्ण्याची. सासर इथलं आणि नोकरीही इथलीच, मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. गावात मला नावानं कोणी ओळखत नाही, सगळ्यांसाठी मी ‘मॅडम’. घरात आम्ही चौघं. आमचे हे वीज मंडळातून रिटायर झालेले, मुलगा निखिल शिक्षक, आणि सून पल्लवी. पल्लवी सौसरची, इथं तहसीलीत कम्प्युटरवर बसते. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आणि माझे नवरात्राचे उपास. निखिल पोटात होता तेव्हापासूनचे. नऊ दिवस पाणी, आणि संध्याकाळी आरती झाली की एक पेला दूध. बाकी काही नाही, साबुदाणासुद्धा नाही. कोणी कौतुक केलं की मी म्हणायची, ‘मी कोण करणारी, देवी करून घेते.’ म्हणताना मान मात्र ताठ व्हायची माझी.

तीन पट्ट्या

गेल्या वर्षी तिसऱ्या माळेला ताप भरला. अंग इतकं दुखायचं की घटाला पाणी घालताना तांब्या हातात धरवत नव्हता. त्या दिवसांत गल्लीत घरोघरी हाच ताप होता, गुडघे-मनगटं धरणारा. ह्यांनी बळजबरीनं डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तापाची पांढरी गोळी दिली आणि सांगितलं, दिवसातून तीनदा, जेवण झाल्यावर. मी मान हलवली. जेवण नाहीच आहे हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

गोळी घेतली की दोन-तीन तास बरं वाटायचं, मग परत तेच. सर्दी होती म्हणून गेल्या साली आणलेली सर्दीची पिवळी गोळी काढली. सांधे राहीनात म्हणून पल्लवीला सांगितलं, तहसीलीतून येताना मेडिकलमधून ती सांधेदुखीची लाल गोळी आण, वत्सलाताई घेतात ती. वत्सलाताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, तिगावला राहते.

पल्लवीनं पट्टी आणली, पण लगेच हातात दिली नाही. उलटी करून मागचं वाचत उभी राहिली.

‘आई, ह्याच्यात पण तेच दिसून राहिलं, डॉक्टरांच्या गोळीत आहे ते. डबल तर नाही होणार? आणि उपाशीपोटी नका घेऊ न. केळं तरी खाऊन घ्या.’

मी म्हटलं, ‘मले नको शिकवू. तीस वर्षं विज्ञान शिकवलं म्या. तुले बोलता येत नव्हतं तेव्हापासून.’

तिनं पट्टी टेबलावर ठेवली आणि कपडे बदलायला गेली.

आता सांगते खरी गोष्ट. तिन्ही पट्ट्या मी देवघराच्या खालच्या खणात, वातींच्या डब्यात ठेवल्या. पाण्यानं उपास मोडत नाही, गोळीनंही मोडत नाही, हे आमच्याकडे सगळेच मानतात. मग लपवायच्या कशाला? तर गल्लीतल्या बाया घटाचं दर्शन घ्यायला यायच्या आणि म्हणायच्या, ‘मॅडम, एवढ्या तापात तुम्ही उपास नाही सोडला?’ आणि मी एकदा बोलून बसले, ‘एक गोळी नाही घेतली हो. देवीनंच उभं ठेवलं.’ एक बाई माझ्या पाया पडली. आता एकदा पाया पडून घेतल्यावर गोळ्या टेबलावर कशा ठेवायच्या? मग दुखलं की देवघरात जायची, दार लोटायची आणि जो रंग हाताला लागेल तो गिळायची. मोजल्याच नाहीत. वातींच्या डब्यातून वाती कमी होतात तशा त्या कमी होत गेल्या.

सोनं

आठव्या माळेला उलट्या सुरू झाल्या. पोटात उजव्या बाजूला जड वाटायचं. मला वाटलं उपासाचं पित्त. दसऱ्याला उपास सुटला, पण पुरणाच्या वासानंच मळमळलं. दुपारी लोक सोनं द्यायला येऊ लागले. माझी एक जुनी विद्यार्थिनी आली, आपट्याची पानं हातात ठेवून वाकली, उठली आणि माझ्याकडं पाहतच राहिली.

‘मॅडम, तुमचे डोळे पिवळे दिसून राहिले.’

पल्लवीनं मला खिडकीपाशी नेलं, पापणी खाली ओढून पाहिली, आणि ह्यांना म्हणाली, ‘बाबा, गाडी काढायला सांगा. इथं नको, सरळ नागपूर.’ पिशवी भरताना तिला ती लाल पट्टी सापडली. रिकामी. देवघरात कोणी आलं म्हणून मीच घाईत पदराआड आणून उशीखाली सारली होती. तिनं ती पर्समध्ये टाकली, डॉक्टरला दाखवायला. सगळ्या घरात अक्कल शाबूत असलेलं तेव्हा ते एकच माणूस होतं.

मिटलेले डोळे

नागपूरच्या दवाखान्यात भरती केलं. रक्त काढलं, परत काढलं, सोनोग्राफी झाली. लिव्हरचे आकडे कागदावर मावत नव्हते, आणि रक्त गोठायला लागायचा वेळ वाढून राहिला होता. डॉक्टरांना नेमकी त्याचीच काळजी होती. त्यांनी विचारलं, ‘औषधं काय काय घेतली? जडीबुटी, गोळ्या, काहीही.’

वत्सलाताई तिगावहून तडक आलेली, खाटेला धरून उभी. पायथ्याशी हे, निखिल, पल्लवी. मी म्हटलं, ‘काही नाही हो, तापाची गोळी, एखाद-दोन.’

पल्लवीनं पर्स उघडली. ‘डॉक्टर, ही पट्टी पण. आईंनी ह्या घेतल्या.’

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी म्हटलं, ‘त्यातल्या दोनच घेतल्या म्या.’

ते लिहून निघून गेले. मी थकून पडून राहिले आणि वत्सलाताईनं तोंड सोडलं.

‘वहिनी म्हणते दोन घेतल्या. मग पट्टी रिकामी कशी? बाकीच्या कुठं गेल्या?’

‘मला नाही माहीत, आत्या. मी आणून दिली फक्त.’

‘नऊ दिवस तिच्या पोटात पेलाभर दूध जाऊन राहिलं. ते दूध कोणाच्या हातचं?’

‘माझ्या.’

‘मग?’

पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. मी जागी होते. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर आली हे मला दिसलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की वत्सलाताई, गप बस, मी खाल्ल्या. जीभ काही गेली नव्हती माझी. पण म्हटलं असतं तर देवघर, वातींचा डबा, पाया पडलेली ती बाई, सगळंच बाहेर आलं असतं. मी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

इतक्या दिवसांच्या गोळ्यांनी जे केलं नाही ते मी त्या एका क्षणात केलं. आजाराला मी दोष देत नाही. हे माझं आहे.

दुसऱ्या दिवशी पल्लवीचे वडील सौसरहून मला पाहायला आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात वत्सलाताईनं त्यांच्यासमोरच दुधाची गोष्ट काढली. निखिल खाली औषधं आणायला गेलेला. हे भिंतीला टेकून उभे राहिले, बहिणीला काही म्हणाले नाहीत. व्याही साधे मास्तर, आवाज चढवून बोलणं त्यांना माहीत नाही. पोरीला म्हणाले, ‘चाल बाई घरी.’ ती गेली. जाताना माझ्या पायाला हात लावून गेली आणि तेव्हाही मी झोपलेलीच होते.

दोन मार्कांचं उत्तर

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आली. सगळ्यांना बाहेर काढलं, स्टूल ओढून बसली.

‘काकू, खरं सांगा. जीव द्यायचा होता का?’

‘नाही वो.’

‘घरात त्रास आहे? कोणी काही देऊन राहिलं?’

‘नाही.’

‘मग एवढं लिव्हर जळायला किती गोळ्या लागल्या ते मला पाहिजे. आकडे असेच चढत राहिले तर लिव्हर बदलायची गोष्ट निघेल. तुमच्या मुलानं काल विचारलं, माझं अर्धं चालेल का.’

निखिलनं असं विचारलं होतं हे मला माहीत नव्हतं. मग मी सांगितलं. तीन पट्ट्या, तीन रंग, उपास, सगळं. तिनं कपाळाला हात लावला नाही की रागावली नाही. ड्रिपमधून उतारा सुरू करायला सांगितला. तो पहिल्या दिवशी सुरू व्हायला पाहिजे होता, म्हणाली, जेवढा लवकर तेवढा चांगला.

मग तिनं मला समजावलं, आणि मी शाळेतल्या पोरीसारखं ऐकलं. तिन्ही रंगांच्या आत औषध एकच होतं, पॅरासिटामॉल. वाईट औषध नाही ते, घरोघरी असतं. बाहेरून शरीरात आलेली कोणतीही वस्तू लिव्हर हाताळतं, पाण्यात विरघळेल अशी करतं, मग ती लघवीवाटे किंवा पित्तावाटे निघून जाते. पण हे करताना मधल्या पायरीवर थोडंसं असं काही तयार होतं जे मूळ औषधापेक्षा वाईट असतं. म्हणजे विष बाहेरून येत नाही, साफसफाई करताना आतच तयार होतं. त्याला धरून गप्प बसवायला लिव्हरजवळ एक साठा असतो आणि तो रोजच्या जेवणातून भरतो.

‘तुम्ही एकीकडून जेवण बंद करून साठा संपवला,’ ती म्हणाली, ‘आणि दुसरीकडून तिप्पट काम पाठवलं. दुसऱ्या कोणाला एवढ्यानं काही झालंही नसतं. किती घेतलं एवढंच मोजत नाहीत काकू, घेणाऱ्याचं अंग कसं होतं हे पण पाहावं लागते.’

तीस वर्षं मी फळ्यावर एक ओळ लिहून देत होते: ‘यकृत विषारी द्रव्यांचे निर्विषीकरण करते.’ दोन मार्क. पोरी पाठ करायच्या, मी बरोबरची खूण करायची. ते कसं करतं, कशाच्या जोरावर करतं, त्याचाही साठा संपतो का, हे एकीनंही विचारलं नाही आणि मी स्वतःला विचारलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. आणि जिनं पट्टी उलटी करून वाचली तिला मी म्हटलं, मले नको शिकवू.

डॉक्टरीणबाई उठली तेव्हा मी तिला म्हटलं, ‘घरच्यांना नका सांगू, मीच सांगते.’

तिनं घरच्यांना एवढंच सांगितलं की गोळ्यांचा परिणाम आहे. वत्सलाताई म्हणाली, ‘पाह्य, म्या काय म्हटलं होतं? गोळ्याच निघाल्या.’ आणि मी त्या दिवशीही सांगितलं नाही. उद्या सांगू, जरा बरं वाटू दे, असं करत दोन दिवस काढले.

पाचव्या दिवशी पोलीस आला. असे पेशंट आले की दवाखान्याला कळवावंच लागतं. भला माणूस होता, टोपी काढून बाजूला ठेवली, कागद काढला. वत्सलाताईनं त्याला बाहेरच गाठलं असावं, कारण त्यानं सरळ विचारलं, ‘सुनेवर संशय आहे का?’ हे शेजारी उभे होते.

मी म्हटलं, ‘गोळ्या मीच खाल्ल्या. लपवून खाल्ल्या. सून म्हणे नका खाऊ. तिचा काहीच संबंध नाही. लिहून घ्या.’

त्यानं लिहून घेतलं. पोलिसाची टोपी पाहिली तेव्हा मी खरं बोलले. सुनेचा चेहरा पाहिला तेव्हा नाही.

ह्यांनी मला एवढंच म्हटलं, ‘आता सांगून राहिली?’ आणि चहा प्यायला खाली गेले. तासभर आले नाहीत. निखिल त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

भूक

चांगलंही काही सांगितलं पाहिजे. वॉर्डात काटोलकडची एक आयाबाई होती. माझा पिवळा रंग पाहून म्हणायची, ‘बाई, हळद तर खूप लागली तुमाले, वरात कधी निघते?’ हसताना पोटात दुखायचं, तरी हसायची मी. उताऱ्याची ड्रिप लागल्यावर मळमळ वाढली तेव्हा तिनं डोकं धरलं. आणि एका सकाळी मी तिला म्हटलं, मले भूक लागली. तिनं हातातलं पोतेरं खाली ठेवलं, ‘भूक लागली म्हंता? म्हंजे वाचल्या तुमी,’ आणि डॉक्टरला सांगायला स्वतः गेली. पातळ मुगाची खिचडी आली. चार घास गेले. आजपर्यंत इतकं चांगलं काही खाल्लं नाही मी.

आकडे उतरू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाली, लिव्हर सहनशील असतं, भाजलेला भाग स्वतःच परत भरून काढतं. तीन आठवड्यांनी घरी आले.

सौसर

चालता येऊ लागलं तसं मी ह्यांना म्हटलं, मले सौसरला न्या. वत्सलाताईलाही बोलावलं. ती आली नाही. ‘मले काय माहीत होतं?’ म्हणाली. खरंच होतं, माहीत मला होतं.

पल्लवीच्या आईनं दारातच पाणी दिलं. व्याह्यांच्या बैठकीत बसलो, त्यांनी टोपलीतली संत्री पुढं केली. मी संत्र्याला हात लावला नाही. वाटेत ठरवून गेले होते तसं टोपली बाजूला सारली. मग सांगितलं. पल्लवीची आई, वडील, भाऊ, सगळ्यांसमोर. गोळ्या मी लपवल्या, तिनं अडवलं होतं, दवाखान्यात मी खोटं बोलले आणि तिच्यावर आळ आला तो माझ्यामुळं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. हात जोडले. व्याही म्हणाले, ‘अहो बाई, हात नका जोडू,’ आणि नजर दुसरीकडं वळवली.

पल्लवी दाराला टेकून उभी होती. तिनं एकच विचारलं.

‘आई, आत्या बोलून राहिल्या होत्या तेव्हा तुम्ही जाग्या होत्या न?’

मी म्हटलं, ‘होती.’

‘आणि मी पाया पडली तेव्हा?’

‘तेव्हाही.’

‘बस. एवढंच विचारायचं होतं.’

ती आत गेली आणि चहा करून घेऊन आली. पंधरा दिवसांनी निखिल जाऊन तिला घेऊन आला.

आता

पहिल्यासारखंच चालू आहे. ती तहसीलीत जाते, आल्यावर आम्ही दोघी मिळून भाजी निवडतो, माझं पथ्याचं ती माझ्यापेक्षा जास्त सांभाळते. वत्सलाताई आली तर तिलाही ताट वाढते. मला कधी उलटून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सांगण्यासारखं असेल तर एवढंच सांगते. पट्टीचं वरचं मोठं नाव आणि रंग पाहू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. नावं तीन आणि औषध एक असू शकतं. उपास असेल तर गोळी देणाऱ्याला आधी उपास सांगा. आणि डॉक्टरनं विचारलं तर समोर कोण उभं आहे हे न पाहता खरं सांगा. लाजेला उतारा नाही.

ह्या वर्षी घट बसले, मी उपास धरला नाही. देवीला म्हटलं, तुझ्या नावावर मी माझी फुशारकी केली, माफ कर. पाचव्या माळेला कणकण आली. दुपारी चांगलाच ताप भरला, डोकं ठणकू लागलं. पल्लवी सुट्टीवर घरी होती. डॉक्टरीणबाईनं मला किती चालते ते लिहून दिलेलं आहे, गोळी स्टीलच्या डब्यात, माझ्या खाटेपासून हातभर अंतरावर.

मी म्हटलं, ‘पल्लवी, गोळी दे वो बाई.’

ती उभी राहिली. डब्याकडं पाहिलं. ‘थांबा आई,’ म्हणाली, ‘निखिल येतीलच पाचला.’

तीन वाजले होते. तिनं आधी मला मऊ भात खाऊ घातला, दोन घास जास्तच. कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, पाय चेपले, पंखा कमी केला. दोन तास जागची हलली नाही. डब्याला मात्र हात लावला नाही. मला उठून घेता आली असती गोळी. मी घेतली नाही. चोरून खूप घेतल्या होत्या.

निखिल आला. त्यानं पट्टी उलटी करून मागचं नाव मोठ्यानं वाचलं, वहीत वेळ लिहिली, पाण्याचा पेला भरला. तेव्हा पल्लवी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. माझ्या तोंडात गोळी जाताना ती कधी समोर थांबत नाही.